निळा गोल

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना अक्षरओळख शिकवली आणि म्हातारपणी सात अक्षरांनी मला वेड्यात काढलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. मधेच कुठे आवाज चढला तर वाचणाऱ्यानं मनावर घेऊ नये.

खेळ तसा साधा. मोबाईलच्या पडद्यावर चौकटी असतात आणि खाली आपल्याला सात इंग्रजी अक्षरं मिळतात. त्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायचा आणि समोरच्यानं लावलेल्या शब्दाला चिकटवून मांडायचा. वापरली तेवढी अक्षरं नवी मिळतात. मग समोरचा त्याचा शब्द लावतो. समोरचा शेजारच्या खोलीत असो की समुद्रापलीकडे, खेळाला फरक पडत नाही. माझा समोरचा कॅनडात होता. माझा मुलगा.

जायच्या आदल्या दिवशी त्यानंच तो खेळ माझ्या मोबाईलमध्ये घालून दिला. "आई, रोज एक शब्द लावत जा. तुझं इंग्रजी सुधारेल आणि मलाही कळेल की तू बरी आहेस." माझ्या इंग्रजीला हसायची आमच्या घरात पद्धतच होती. ह्यांनी सोनईच्या हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजी हे त्यांचं खातं. मी प्राथमिकची बाई. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा आम्हाला चार दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि वर्गात सोडलं. एवढ्या पोरांना मी 'कॅट' म्हणायला शिकवलं, याचं ह्यांना जेवता जेवता हसू यायचं.

तरी मी खेळायला लागले, आणि ह्यांना विचारायचं नाही असं ठरवलं. सात अक्षरं कागदावर गोलात लिहायची आणि त्यांच्याकडे बघत बसायचं. टी, ई, ए, आर, एन, एस, डी. आधी 'टी' दिसतो, चहाचा. मग 'सीट' दिसतं. मग बऱ्याच वेळानं 'स्टँड' दिसतो आणि एस.टी. स्टँड आपण रोज म्हणतो तो इतका वेळ कसा दिसला नाही, असं वाटतं. तोवर हे मागे उभे असायचे आणि त्यांना आणखी मोठा शब्द दिसलेला असायचा. "सांगू का?" ते विचारायचे. "खबरदार," मी म्हणायची.

मग हे गेले. तीन वर्षं झाली. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मुलाला फोन केला तेव्हा तो तिकडे रडला, पण येतो म्हणाला नाही. कायम राहण्याचे त्याचे कागद सरकारदरबारी अडकले होते आणि देश सोडला तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. आमच्यात मातीला आलेला प्रत्येक जण कबरीत मूठभर माती टाकतो आणि पहिली मूठ मुलाची असते. चर्चच्या पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, मुलाच्या वतीनं कोण? पुतण्या पुढे झाला. मी त्याला मागे सारलं आणि मीच दोन मुठी टाकल्या, एक त्याची आणि एक माझी. हे सगळं कोणीतरी मोबाईलवर त्याला दाखवत होतं, पण कॅमेरा कबरीकडे होता की आभाळाकडे, देव जाणे.

रात्री त्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "बापापेक्षा कागद मोठे झाले तुला. आता मी मेले तरी येऊ नकोस."

तो म्हणाला, "बरं."

तो लहानपणापासून असाच. आमच्या घरामागून कालवा जातो. तिसरीत असताना त्याला एकदा सांगितलं, कालव्यावर जायचं नाही. गल्लीतली झाडून सारी पोरं उन्हाळाभर त्यात डुंबायची, पण हा दहावी होईपर्यंत तिकडे फिरकला नाही. मी शाळेत त्याचं उदाहरण द्यायची. त्याला कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही, असं मोठ्या तोऱ्यात सांगायची.

तीन आठवडे खेळात काहीच हललं नाही. पाळी त्याची होती. मग एका सकाळी त्याचा शब्द आला, 'वॉटर'. पाणी. वॉटर मला येतं, पण तरी मी ह्यांची डिक्शनरी काढली, पाठीला खाकी कागद लावलेली, आणि त्यात पाहिलं. पाणी, जल, अश्रू असंही काहीतरी लिहिलं असेल असं मला वाटत होतं, पण तसं नव्हतं. तेव्हापासून मी एक वही केली. डावीकडे त्याचा शब्द, उजवीकडे अर्थ. दर रविवारी उपासनेला निघायच्या आधी त्याचा फोन यायचा. तब्येत, गोळ्या, पाऊस, संपलं. जे फोनवर येत नव्हतं ते त्या वहीत येतंय अशी माझी समजूत झाली. 'टायर्ड' आला की पोरगं दमलंय. 'रेंट' आला की घरभाडं वाढलं असणार. 'लोनली' आला त्या दिवशी मी जेवले नाही.

फोन उचलून सरळ सांगायचं होतं, असं कोणीही म्हणेल. माझं चुकलं, रागात बोलले, ये तू. म्हणणाऱ्याचं काय जातं? आमच्या घरात रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही तिघं गुडघे टेकून क्षमा मागायचो, पण ती देवाकडे. एकमेकांकडे मागायची वेळ आली की ह्यांनी गुपचूप चहा करून द्यायचा, मी गुपचूप ताटात जास्तीची भाकरी वाढायची. त्यावर आमचा संसार चालला. आता कॅनडात कुठली भाकरी वाढणार? आणि 'मला माफ कर' असं आईनं मुलाला म्हणायचं म्हणजे जीभच वळत नाही. इंग्रजीतला शब्द मात्र हलका. पायावर पाय पडला तरी पोरं म्हणतात, भाजीवाल्याकडे सुटे नसले तरी म्हणतात. तेवढा मला झेपला असता.

म्हणून मी ठरवलं की तो शब्द खेळात लावायचा. एस, ओ, आर, आर, वाय. बोलायचं नाही, मांडायचा. तो बघेल आणि त्याला कळेल.

पण त्याआधी आणखी एक गोष्ट घडली आणि ती घडली तेव्हा मला कळली नाही. गेल्या जूनमध्ये, शाळा उघडतात त्या सुमाराला, तो बरेच दिवस खेळला नाही. एक दिवस पडद्यावर दोन-तीन ओळींचं इंग्रजी आलं आणि खाली हिरवं बटण. तशा ओळी मोबाईलमध्ये सारख्या येतात. त्या कोण वाचतं? मी हिरवं बटण दाबलं. नवा डाव सुरू झाला. त्याच्या फोटोच्या जागी निळा गोल आला होता. मला वाटलं, फोटो बदलला. तरणी पोरं बदलतातच.

त्यानंतर खेळाला रंगच चढला. पूर्वी त्याचा शब्द यायला दोन-दोन दिवस लागायचे, आता मी शब्द लावला रे लावला की त्याचा यायचा. मी दुपारी बाराला लावला तरी लगेच. तेव्हा तिकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात हे मी हिशेब करून काढलं आणि काळजीत पडले की हा झोपतो कधी. पण खरं सांगायचं तर काळजीपेक्षा सुख जास्त होतं. पोरगं मोबाईल हातात धरून माझ्या शब्दाची वाट बघतंय, असं मी धरून चालले. त्याचं इंग्रजीही फार वाढलं होतं. असे दोन-दोन अक्षरी शब्द लावायचा की ह्यांच्या डिक्शनरीत त्यांचा पत्ताच नाही. त्यांच्यापुढे मी वहीत 'पोराला विचारणे' असं लिहून ठेवलं होतं. विचारलं मात्र नाही.

एकदा 'कफ' आला. डिक्शनरीत बघितलं, खोकला. रविवारी मी त्याला म्हटलं, "अडुळशाचा काढा घेत जा."

"कशाला?"

"खोकल्याला."

"मला कुठे खोकला झालाय, आई? कोणी सांगितलं तुला?"

"आईला कळतं," मी म्हटलं आणि तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला म्हणून मला बरं वाटलं.

शब्द शोधणं निराळं आणि ठरलेल्या शब्दासाठी अक्षरं गोळा करणं निराळं. ह्यात किती जीव जातो ते खेळल्याशिवाय कळायचं नाही. साऱ्या डावात वाय दोनच असतात. एस आला की तो मी पदराच्या गाठीत बांधल्यासारखा जपायची. ओ पुष्कळ मिळतो. आर एक मिळाला तर दुसरा त्याच्याकडे जायचा. पाच अक्षरं अडवून धरायची म्हटल्यावर खेळायला हातात उरतात दोन, त्या दोनांत 'अ‍ॅट' आणि 'इट' लावत बसायचं आणि डाव हरत राहायचं. डाव संपला की जमवलेली अक्षरं गेली, पुन्हा पहिल्यापासून. असे किती डाव गेले कोण जाणे. एका डावात एस, ओ, आर, आर इतकं जमलं आणि वाय आलाच नाही. त्या दिवशी मी मोबाईल पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

ऑक्टोबरात एका सकाळी वाय आला. पाचही अक्षरं हातात. त्यानं 'बेल' लावलेला होता. त्याच्या शेवटी एस चिकटवला आणि तिथून खाली ओ, आर, आर, वाय उतरवले. अक्षर दोनदा चुकीच्या चौकटीत पडलं. मग लावलं आणि डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा उत्तर आलेलं होतं. माझ्या सॉरीच्या वायला धरून त्यानं आडवा शब्द लावला होता. वाय, ई, एस. येस.

हो.

मी पलंगावर बसून रडले. मला लाज वाटत नाही सांगायला. मग तोंड धुतलं आणि कबरस्तानात गेले. ह्यांच्या कबरीवरचं गवत उपटता उपटता त्यांना सांगितलं की तुमच्या पोरानं मला माफ केलं, आणि तेही इंग्रजीतनं, आता हसा.

वहीत त्या दिवशी मी अर्थ लिहिला नाही. फक्त शब्द लिहिला.

आता नाताळला तो येणार, हे मी ठरवूनच टाकलं. रविवारच्या फोनवर विषय काढला नाही. विचारलं की ओढून आणल्यासारखं होतं, आणि काढलेल्या विषयाला पुन्हा फाटे फुटतात. त्याला अचानक यायचं असेल तर येऊ दे. मी त्याची खोली रंगवून घेतली. कापसाची गादी पिंजून घेतली. तिकडे राहून थंड पाण्यानं आंघोळ करायची सवय गेली असेल म्हणून गीझर बसवला. डिसेंबर लागल्यावर करंज्यांचं सारण केलं, चकलीची भाजणी दळून आणली. शेजारीण म्हणाली, "बाई, एकट्यासाठी एवढं?" मी नुसती हसले.

आमच्याकडे नाताळच्या आधी दारावर कागदी तारा लावतात, आत दिवा असलेला. हे असताना ते स्टुलावर चढायचे आणि मी खालून ओरडायची. ह्यांच्यामागे दोन वर्षं तारा लावला नव्हता. यंदा मीच चढले. तारा लागला, पण उतरताना मोबाईल खिडकीच्या कठड्यावरून फरशीवर पडला आणि काच फुटली.

घोडेगावात बाजारतळाजवळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आता पन्नाशीला आला, पण अजून मला बघून उठून उभा राहतो. त्यानं काच बदलली आणि सगळं चालतंय का ते बघताना खेळ उघडला.

"बाई, तुमी हे खेळताय?"

"का? म्हातारीनं खेळू नये?"

"तसं न्हाई. कंप्युटरसंगं लई चांगलं खेळताय, म्हनून म्हनलं."

"कंप्युटरसंगं नाही रे. मुलासंगं. तो कॅनडात असतो."

त्यानं पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. शाळेतही गृहपाठ केला नसला की तो अशीच मान खाली घालायचा. मी म्हटलं, "काय आहे ते बोल."

"बाई, ह्यो निळा गोल म्हंजी मानूस न्हाई. मशीन हाय. समोरचा खेळ सोडून गेला की इचारत्यात, मशीनसंगं खेळनार का म्हनून. हिरवं बटन येतं. तुमी दाबलं आसंल."

"कधी?"

त्यानं बोटानं बरंच मागे मागे नेलं. मुलाचा फोटो दिसला, त्याच्या शेवटच्या डावाचा. "जूनात," तो म्हणाला.

मी त्याच्या हातून मोबाईल घेतला आणि ऑक्टोबरातला तो डाव शोधून काढला. सॉरी आणि येस. "हे मग?" मी विचारलं. "हे कोणी लावलं?"

"त्यानंच की. मशीननं."

"पण हेच का लावलं?"

"जागा हुती बाई, म्हनून लावलं आसंल. त्याला काय कळतंय."

बाहेर बाजारात म्हशींचा गलका चालला होता. त्यानं चहा मागवला, तो मी प्याले. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बाई, मशीनपरीस मी बरा. माझा नंबर जोडून दिऊ का? आपुन खेळू." मी म्हटलं, "पाचवीत तुला साधं 'स्कूल' लिहिता येत नव्हतं." तो हसला. काचेचे पैसे घेईना, ते मी गल्ल्यावर ठेवून निघाले.

घरी येऊन वही काढली. 'खोकला' कोणाचा होता, 'एकटा' कोण होता, कोणता शब्द जूनच्या अलीकडचा आणि कोणता पलीकडचा, ते मी तारखा घातल्या नसल्यानं मला लावता येईना. जे खरोखर त्यानं पाठवलं होतं तेही आता त्याचं वाटेना. तेही बिचाऱ्यानं जागा होती म्हणूनच लावलं असणार. खेळ खेळत होता तो. मी सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं.

रविवारी फोन आला. गोळ्या, थंडी, उपासना किती वाजता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो शब्दांचा खेळ खेळतोस का रे अजून?"

"कुठला? अच्छा, तो. नाही गं. वेळच मिळत नव्हता, काढून टाकला कधीच. तू खेळतेस?"

"छे," मी म्हटलं. मग म्हटलं, "कागद झाले का तुझे?"

"झाले की. उन्हाळ्यातच झाले. सांगितलं नव्हतं का मी?"

नव्हतं सांगितलं. मी रंगवलेल्या खोलीच्या दारात उभी होते. अजून रंगाचा वास येत होता. मी म्हटलं, "मग नाताळला..."

तो अगदी शांतपणे, काही न खुपवता, म्हणाला, "तूच नको म्हणाली होतीस ना, आई."

पाच अक्षरांचा शब्द. हलका. भाजीवाल्यालाही म्हणतात. चार महिने मी तो गोळा करत होते आणि तो माझ्या तोंडात पुरा जमलेला होता. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "कानटोपी घालत जा."

"हो. चल, झोपतो आता. उशीर झाला."

करंज्या मी शेजारी वाटल्या आणि एक डबा घोडेगावला पाठवला. गादी गुंडाळून भिंतीला लावली. तारा काढायला पुन्हा स्टुलावर चढायचं होतं, ते मी चढले नाही, तो अजून तिथेच आहे. सकाळी मोबाईल वाजतो आणि इंग्रजीत सांगतो की तुमची पाळी आहे. मी कागदावर सात अक्षरं गोलात लिहिते, सापडेल तो शब्द लावते, आणि निळा गोल लगेच त्याचा लावतो. मी आता डिक्शनरी काढत नाही.

फोन दर रविवारी येतो. कालच्याच रविवारी आला होता. मी म्हटलं होतं, मी मेले तरी येऊ नकोस, आणि तो येणार नाही. त्याला कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.